हजेरी

ओरिन पीझली, वकील, मंगळवारी वारले.
खोगीरवाल्याच्या दुकानावरची त्यांची खोली
आता मी मोजतो आहे,
कारण अठरा वर्षं त्यांचं अक्षर म्हणजे माझं अक्षर.

दोन खुर्च्या. एकीचा पाय सुतळीनं बांधलेला.
कायद्याची एकवीस पुस्तकं, त्यांतली सात उसनी.
येणं : विधवा टर्लोबाईंकडून खारवलेली डुकराची एक तंगडी,
हाउसर शेतकऱ्याकडून कुंपणाच्या चाळीस फळ्या.
यांनी मागितल्या नाहीत, त्यानं विषय काढला नाही.
चर्चमध्ये दोघं एकाच बाकावर बसत.

राजधानीत तीन हिवाळे काढले त्यांनी.
मोकाट डुकरांचा कायदा त्यांचाच.
अजून कुणाचं डुक्कर कुणाच्या मक्यात शिरलं
की लोक शिवीत त्यांचं नाव गुंफतात,
बहुतेक मायेनंच.

खालच्या खणात सभागृहाचं इतिवृत्त सापडलं,
एकाच पानाशी उघडून उघडून पाठ मोडलेलं.
काळ्या माणसानं या राज्यात वस्ती करू नये,
असं ते विधेयक. नावं पुकारली गेली :
बाजूनं, बाजूनं, विरुद्ध, बाजूनं.
पीझली : गैरहजर.

मी सज्जात होतो त्या दिवशी.
'प'च्या आधी ते उठले,
बाहेर ओसरीत पाण्याचं पिंप होतं,
एक पेला प्यायले. मग दुसरा. मग तिसरा.
बाहेर बर्फ पडत होता.

पुढे त्याच कायद्याखाली एनॉस हॅझर्ड न्हाव्याला धरलं.
चार कोर्टांत लढले हे, एक सेंट न घेता,
आणि शेवटी एका चुकलेल्या तारखेवर सोडवून आणलं.
तेव्हापासून दर शनिवारी फुकट दाढी.
बोलणं नाही.
वस्तरा गळ्यावरून फिरताना
ते कधी डोळे मिटत नसत.

दगडावर 'सिनेटर' हवं म्हणाल्या बाईसाहेब.
पाथरवट अक्षरामागे तीन सेंट घेतो.
यांची चिठ्ठी निघाली : नुसतं नाव घाला.
त्यावर दोन दिवस वाद चालला आहे.

काल पुरलं त्यांना. आलेल्यांची नावं
वहीत उतरवण्याचं काम माझ्याकडे.
फाटकाबाहेर एनॉस उभा होता, टोपी हातात.
"त्याला आत बोलवायचं का?"
कुणीतरी माझ्या कानाशी विचारलं.

मी पंपाकडे निघालो होतो.
ऊन नव्हतं फारसं.
तहान लागली होती.