घंटेला मोजा

उर्वेबाईंनी घंटेच्या लोलकाला
लोकरीचा मोजा बांधला, आणि म्हणाल्या,
लिहा.
काय? कशावर? किती ओळी?
त्या नुसते खांदे उडवून
खिडकीशी बसल्या, स्वतःची वही उघडून.

सारेमा बेटावरची शाळा, आम्ही नऊजण.
रेडिएटरवर वाळणारे हातमोजे,
बाहेर थिजलेला समुद्र.
हेल्वीने पहिल्याच दिवशी तीन पानं भरली,
सगळी घोड्याची.
मी शुद्धलेखन सांभाळत
चार शहाण्या ओळी लिहिल्या, दाखवायला नेल्या.
बाईंनी मान वर केली नाही.

राइवो मात्र अकरा दिवस
पेन्सिलीला टोकच काढत होता.
सालपटांचा ढीग वहीपेक्षा उंच.
"हा काहीच करत नाही," मी चुगली केली.
"करतोय की," बाई म्हणाल्या.

बाराव्या दिवशी त्याने लिहिलं:
बाबांची होडी अंगणात पालथी आहे.
तिच्याखाली अजून उन्हाळा आहे.
मी तिथे जाऊन बसतो.

त्याच्या बाबांबद्दल बेटावर कुणी बोलत नसे.
बाईंनी वाचलं. लाल पेन शोधलं नाही.
एवढंच विचारलं, "अजून वेळ हवा?"
त्याने मान डोलावली.

जेवणाची वेळ टळली, सूप निवलं.
स्वयंपाकीणबाई डाव घेऊन दारात आल्या,
ओरडता ओरडता थांबल्या,
आणि मागच्या बाकावर टेकल्या.

माझ्या चार ओळींत एकही चूक नव्हती.
मी त्या खोडल्या,
आणि तो मोजा कुणाचा,
त्याचा जोडीदार कुठे,
ते लिहायला बसलो.