भिंतीवरचं नाणं

ताकोराडीत, मार्केट सर्कलच्या मागे,
एसी मान्साच्या केंकीच्या टपरीला लागून एक भिंत आहे.
माझी पहिली क्रिप्टोची जाहिरात मी तिथं रंगवली.

त्याआधी मी न्हाव्यांसाठी डोकी रंगवायचो.
एका फळीवर बारा डोकी, बारा तऱ्हेचे केस,
गिऱ्हाईक बोट ठेवी: हे द्या.
टायरवाल्याचं टायर, दातांच्या डॉक्टरची दाढ,
होड्यांच्या कडेला देवाची नावं,
जी समुद्र दरवर्षी थोडी थोडी खाई.
जे विकायचं ते आधी डोळ्यांनी बघ, मग रंग कालव.
अमिसामास्तरांनी मला एवढंच शिकवलं होतं.

डेलाली आक्राहून आला. पांढरे बूट, धुळीत जपून टाकलेले पाय.
म्हणाला, नाण्याचं चित्र हवंय.
दाखव.
त्यानं फोन पुढे केला. फोनवर एक हिरवा आकडा,
पापणी लवेपर्यंत बदलणारा.
नाणं कुठाय?
हेच.
छापा कुठला, काटा कुठला?
तसं नसतं, मास्टर.
वाजवून बघू?
तेव्हा तो मोकळेपणी हसला.

मग मी मनानंच काढलं.
पिवळ्यात चिमूटभर नारिंगी, कडेला तपकिरी सावली,
ट्रकच्या चाकाएवढं,
मध्ये तारा, कारण नाव होतं न्सोरोमा, म्हणजे ताराच.
वर लिहायचे शब्द त्यानं कागदावर आणले होते:
आज पेरा, उद्या कापा.
'उद्या' मी दोनदा पुसून पुन्हा लिहिला.
अजून एक ओळ होती, सगळ्यात खाली,
किंमत शून्यही होऊ शकते.
ही किती मोठी काढू?
त्यानं दोन बोटं जवळ आणली,
रश्श्यात मीठ टाकताना येतात तशी.
मी खारीच्या शेपटीचा कुंचला काढला.
त्या अख्ख्या भिंतीवर तीच माझी सगळ्यात सुबक अक्षरं.
वाचायला कुणी वाकलं नाही.

आणि उजव्या कोपऱ्यात, नेहमीसारखं,
एबो आर्ट्स,
आणि माझा नंबर.

मजुरी निम्मी सेडीत, निम्मी त्या नाण्यात.
चौदा दिवस मी खिशातल्या खिशात श्रीमंत होतो.
पंधराव्या सकाळी आकडा हलेना,
डेलालीचा फोन लागेना.
माझा लागत होता.

पहिला, बंदरावरचा हमाल.
दुसरी, शिवण शिकणारी पोर, मशीनसाठी साठवलेले म्हणाली.
तिसरा बोललाच नाही, नुसता श्वास येत होता,
आणि मागे कुणाचं तरी रडकं मूल.
मी सांगायचो, मी रंगारी. मी फक्त रंगवलं.
नंबर तर तुझाच आहे, ते म्हणायचे.
होता.

एसी मान्साचे किती गेले, ती सांगत नाही.
केंकीची पानं सोडता सोडता एवढंच म्हणाली,
ते पुसून टाक. माणसं तिकडं बघतात
आणि घास हातातच राहतो.

मी बादलीत चुना भिजवला.
चुना लावायची माझी ही दुसरी खेप,
या खेपेला भिंतीला.
एक हात मारला, दुसरा मारला.
हर्मटानची धूळ ओल्यावर येऊन बसली.
वाळल्यावर आतून पिवळं वर आलं,
आधी तारा, मग 'उद्या'.
मी हलका रंग वापरत नाही, तेच नडलं.
बारीक ओळ तेवढी पहिल्याच हातात गेली.

तिसऱ्या हाताला कोपऱ्यापाशी आलो आणि थांबलो.
नंबर तसाच ठेवला.
का, ते मला एसीलाही नीट सांगता आलं नाही.

साधारण साडेनऊला, टपरीची चूल विझते त्या सुमाराला,
तो वाजतो.
मी हाताचा रंग पँटला पुसतो
आणि उचलतो.