गोडं की खारं

पहिला प्रश्न जिभेचा.
लोर्न निकल धक्क्यावर उकिडवा बसून म्हणाला, आधी चाख.
खारं असेल तर समुद्राचं, घाई कर.
गोडं असेल तर आभाळाचं, नाहीतर तुझ्याच टाकीचं.
मग वेळ आहे, झोप नाही.

मी बोट बुडवलं,
बोटीच्या तळाशी, इंजिनाच्या पुढच्या खळग्यात.
डिझेल. जुना साबण. गंज.
आणि सगळ्यांच्या मागे, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा
पुसट गोडवा.
गोडं, मी म्हणाले.
लोर्ननं मान हलवली,
दात काढण्याआधी डॉक्टर हलवतो तशी.

चौऱ्याहत्तर सालची बोट. फायबरग्लासची,
म्हणजे लाकडासारखी फुगत नाही, कुजत नाही, कुरकुरत नाही,
काही सांगतच नाही.
आतून दुसरं पांढरं कवच बसवलेलं.
दोहोंमधल्या अंधारात
पाणी शिरतं एकीकडून, हिंडतं आपल्या मर्जीनं
आणि उगवतं भलतीकडे, निरागस चेहऱ्यानं.
विकताना हार्लन अर्न्स्ट म्हणाला होता,
चाळीस वर्षांत एक थेंब नाही.
म्हणाला आणि नोटा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.
तेव्हाच ओळखायला हवं होतं
कुठंतरी पाणी मुरतंय.

सोमवारी टाकीत लाल रंग सोडला, केकवर घालतात तो.
बुधवारी तळातलं पाणी होतं तसंच, बिनरंगी.
टाकी सुटली.
नळाला मात्र आठवडाभर बीट धुतल्यासारखं पाणी,
चहासुद्धा गुलाबी.

मग खडूची पूड. जिथं ओल, तिथं रेघ.
रेघ उमटली, कपाटामागून निघाली,
उजव्या बाकाखाली गेली
आणि तिथं कवचात नाहीशी झाली.

मग बागेचा पाइप.
खालून वर जायचं, लोर्न म्हणाला,
वरून सुरू केलंस तर सगळंच ओलं, सगळेच चोर.
तो वर डेकवर, मी आत बाकाच्या पोटात उताणी,
टॉर्च दातांत.
आता? नाही.
आता? नाही.
खिडकी, नाही. कठड्याचा खांब, नाही.
डोलकाठीच्या तारा आवळणारी पट्टी,
जिच्यावर मी पैज लावली असती, कोरडी ठणठणीत.
बावीस वर्षांचा शेजार आमचा,
एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

तेव्हा टॉर्च घसरला
आणि नाकापासून वीतभरावर पेन्सिलीचं अक्षर दिसलं.
इथे? ऑगस्ट ८७.
शेजारी गोल, त्यावर फुली.
इथे? ९२. फुली.
जरा खाली, ९६, नुसतं नाही, दोनदा खोडलेलं.
मग बरीच वर्षं काही नाही.
मग थरथरत्या हातानं काढलेला एक गोल,
साल नाही, प्रश्नचिन्हही नाही.

मी दातांतला टॉर्च काढला. पाइप चालूच होता.
त्या शेवटच्या गोलापासून चार बोटं डावीकडे
एक थेंब जमला, जाड झाला,
माझ्या गालावर पडला.

वर, बरोबर तिथं, स्क्रूची दोन भोकं.
कसलीशी दांडी कधीतरी उपसून काढलेली,
भोकांत मेण, वरून रंग.
नख लावलं तसं निघून आलं.

एपॉक्सी भरलं. दोन दिवस धुकं, वाळायला तीन लागले.
मग ब्रिजवॉटरच्या वृद्धाश्रमात फोन केला.
मी म्हणाले, हार्लन, सापडलं.
काय, ते त्यानं विचारलं नाही.
डावीकडे की उजवीकडे?
उजवीकडे. मागच्या बाजूला.
टीव्हीचा आवाज येत राहिला, हवामानाच्या बातम्या.
मग तो म्हणाला, झेंड्याची दांडी.
८५ साली मीच काढली होती ती.
एस्थरला फडफड आवडत नसे.

आज सकाळी तळात चमचाभर पाणी आहे.
गेल्या आठवड्याचं असेल, लोर्न म्हणतो, कोपऱ्यात अडकलेलं.
असेल.
पेन्सिल माझ्या खिशात आहे.
बोट अजून बुडवलेलं नाही.