मानशीतली मगर

गोष्ट मी सुरू केली ती
दुर्भाटच्या धक्क्यावर, रासईची फेरी चुकली म्हणून.
"मानशीच्या दारापाशी एक मगर राहायची."
"एकटी?" शमाने विचारलं.
एकटी.
"नाही. बाबापण होता. बुटका."
बरं. बुटका.

चार वर्षांच्या माणसाला
गोष्टीत बिऱ्हाड थाटायला वेळ लागत नाही.
मगरीला लगेच एक सायकल मिळाली,
चवथीची माटोळी,
आणि आंघोळ न करण्याची कायमची परवानगी.

मी तिला शूर करायला निघालो होतो.
भरतीच्या रात्री बांध फुटतो,
मगर आडवी पडून खाजन वाचवते,
सगळा गाव टाळ्या वाजवतो,
असं काहीतरी.

"टाळ्या नकोत," शमा म्हणाली.
"तिच्या पोटात अंडं होतं.
ते उघडलंच नाही."

जुवारीला ओहोटी लागली होती.
चिखलात एक बगळा पाय उचलून
ठेवायचा विसरल्यासारखा उभा.
आम्ही तर तिला एवढंच सांगितलं होतं,
आईला बरं नाही, बांबोळीला आहे.
झबली मी वरच्या फळीवर ठेवली,
तीही ही झोपल्यावर.

मग?
"मग मगर घरी येत नाही. ती लाजते."
का?
"तिला वाटतं तिनेच फोडलं."
पण तिने नाही फोडलं.
"मला माहितेय.
तिला कुठे माहितेय?"

फेरी लागली. पोदेर सायकल ढकलत उतरला,
रिकामी टोपली, भोंपू मात्र वाजवलाच त्याने.
आम्ही चढलो नाही.
आणि तो बुटका बाबा? मी विचारलं. तो काय करतो?
शमाने माझ्या बाहीला नाक पुसलं,
बराच विचार केला.
"तो गोष्ट सांगतो. त्याला नीट येत नाही.
सारखा टाळ्या वाजवायला लावतो."

मंगळवारी प्रज्योती आली.
चपला न काढता सोप्यावरच बसली,
हॉस्पिटलची पिशवी मांडीवर.
शमा तिला चिकटली नाही, रडली नाही,
समोर उकिडवी बसून
मगरीचं सगळं सांगितलं, सायकलीसकट,
आणि अंड्यापाशी येऊन थांबली.
"पुढचं तू."

मी दाराची कडी धरून उभा.
अंगणात पडलेल्या सुपारीचा आवाज
केवढा मोठा होता.

"मगरीला ना,"
प्रज्योती पिशवीच्या बंदाशी बोलल्यासारखी म्हणाली,
"भूक लागली होती."
"कसली?"
"पेजेची. आणि मिठातल्या तोरेची."

शमाने माझ्याकडे पाहिलं.
मी टाळ्या वाजवल्या नाहीत.
तांदूळ धुवायला आत गेलो.