दहा एमबी

चौकशीचा कागद मलाच लिहायचाय.
घटना, तारीख, जबाबदार व्यक्ती.
तिसऱ्या रकान्याशी पेन दोन दिवस अडकलंय.

भोसरी, टी ब्लॉक. शेजारच्या पावडर कोटिंगचा वास
एसीतूनही आत येतो.
संध्याकाळचे साडेसहा, पहिली पाळी कधीच गेलेली,
ड्रॉइंग विभागात हर्षदा ढमढेरे एकटी.
हाउसिंगची फाइल एकेचाळीस एमबी.
कंपनीच्या मेलमधून जातात दहा.
ती दहाची मर्यादा मी घातलेली.

फोन केला होता तिने.
मी म्हणालो, फॉर्म भरा,
गव्हाणेसाहेबांची सही घ्या, परवा बघतो.
गिऱ्हाइकाला आज हवं होतं.
आणि भोसरीहून धनकवडी म्हणजे
अख्खं पुणं ओलांडायचं, तेही दोन बस बदलून.

मग तिने केलं ते, जे आपण सगळेच करतो.
एक मोफत साइट. गुलाबी बटण.
नाव नको, गाव नको, फाइल इथे सोडा.
चाळीस सेकंदांत गेली.
वर साइटने तिचे आभारही मानले,
जे आमच्या सिस्टिमने सहा वर्षांत मानले नव्हते.

गेटवर वॉचमन पेन ड्राइव्हसाठी
डब्याचं झाकणसुद्धा उघडून बघतो.
त्या दिवशीची जावक वही मी काढून पाहिली:
निरंक.

अटी कोण वाचतं?
मी वाचल्या, आत्ता, या कागदासाठी.
चौदा पानं. नवव्यावर सरळ लिहिलंय,
तुम्ही दिलेलं आम्ही ठेवू, दाखवू, वाटू.
लपवलेलं काहीच नव्हतं.
इतका प्रामाणिक चोर मी पाहिला नव्हता.

आठ महिन्यांनी मोशीच्या प्रदर्शनात
परक्या स्टॉलवर आमचं हाउसिंग भेटलं.
चकचकीत, आणि नगामागे नव्वद रुपये स्वस्त.
योगायोग म्हणून सोडूनही दिलं असतं,
पण डाव्या कडेला एक खाच होती,
साडेचार मिलिमीटरची,
जिचा कशालाच उपयोग नाही.
हर्षदाची चूक.
आम्ही ती दुसऱ्याच आठवड्यात काढून टाकली.
त्यांनी मात्र जपली होती,
टॉलरन्ससकट.

फोटो दाखवला तेव्हा ती आधी हसली.
"अय्या, माझी खाच."
मग खुर्ची ओढून बसली
आणि बराच वेळ ओढणीचं टोक
बोटाला गुंडाळत राहिली.

गव्हाणेसाहेब म्हणतात, कुणाचं तरी नाव हवं,
गिऱ्हाईक विचारतंय.
आणि रिपोर्ट मेलवर नको,
मेल उघडायला फार वेळ लागतो,
माझ्या व्हॉट्सॲपवर टाक.

टाकीन.
माझ्याही व्हॉट्सॲपवर बरंच काही आहे.
बायकोला पाठवलेल्या यादीत,
कोथिंबीर, अर्धा किलो रवा, गिरणीतून दळण,
आणि त्याखाली मुख्य सर्व्हरचा पासवर्ड.
तिने विचारलं होतं, हे काय आणायचंय?
म्हणालो, काही नाही, राहू दे तिथे.
तिथे पटकन सापडतो.

तिसरा रकाना अरुंद छापलाय.
एकच नाव मावतं.