शेवटचे चार सेकंद

दुपारी साडेतीनला ती उपग्रहावरून उतरते,
शिजवून, वाढून, मोजून नव्वद सेकंदांची.
सोबत कागद, निवेदकानं काय म्हणायचं त्याचा:
"अधिक सांगत आहेत आमच्या प्रतिनिधी
लोरेटा प्रॅट."

आमच्या.
डुलुथमध्ये आमचे प्रतिनिधी तीनच.
एक बाळंतपणाच्या रजेवर,
एक गोठलेल्या तळ्याकाठी व्हॅन ढकलतोय,
तिसरा हवामानही सांगतो.

फितीत एक पांढऱ्या केसांचं जोडपं,
औषधाचं दुकान, नवं सरकारी कार्ड,
काउंटरपलीकडे हसणारा माणूस.
लोरेटा विचारते तेवढंच त्यांना येतं.
कुणाला खोकलासुद्धा येत नाही.

शेवटी काळ्यावर पांढरी अक्षरं:
निर्मिती, अमुक खातं, वॉशिंग्टन.
चार सेकंद.
मी एडिटर. कापणं हेच माझं पोट.
कापा असं कुणी म्हणालं नाही,
खात्यानं तर नाहीच, त्यांनी लिहूनच पाठवलं होतं.
काळी चौकट सहाच्या बातम्यांत बरी दिसत नाही,
एवढंच.

वडील खनिजाच्या धक्क्यावर तोलारी होते.
कुठल्या खाणीचा माल ते पावतीवर चढेपर्यंत
एक डबा हलू द्यायचे नाहीत.
जहाज भोंगा वाजवत राहायचं
आणि ते पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

तिसऱ्या दिवशी फोन आला. हिल्मा कोइविस्टो,
वय एक्याऐंशी, हे तिनंच आधी सांगितलं.
"त्या लोरेटाला द्या जरा.
कार्ड घेऊन गेले होते मी, बसनं, दोनदा.
दुकानदार म्हणतो, यातली तुमची एकही गोळी बसत नाही.
पोरीला कुणीतरी फसवलंय हो,
तिला कळायला हवं."

खोलीत कुणी नव्हतं. मॉनिटरवर बर्फ पडत होतं,
आमच्याच कॅमेऱ्यातलं, खरं.
मी म्हणालो, "ती बाहेर गेलीय. बातमीवर."

हे वाक्य कुठल्या कागदावर नव्हतं.
हे माझं.

"अशा थंडीत?" म्हातारी म्हणाली,
"कान झाकून जात जा म्हणावं."

मी गुलाबी चिठ्ठीवर निरोप लिहिला,
तारीख घातली, वेळ घातली,
आणि भिंतीवरच्या खणांपुढे
उभा राहिलो बराच वेळ,
तिचा खण शोधत.