कोरा नमुना

काल रात्री भिजत घातलेल्या बाटल्या
सकाळी उपड्या करते.
दहा टक्के नायट्रिक आम्ल, बारा तास,
मग तीनदा ते पाणी
ज्यात काहीच नाही
आणि म्हणून जे पिऊ नये.

खिडकी उघडायची नाही.
बाहेर उद्यमबागेकडं जाणारा रस्ता,
ओतकामाची वाळू भरलेले टेम्पो.
आत शिवलीला बांगड्या काढते, मी अंगठी,
दोन्ही एकाच बशीत.

मंगळवारी निंगोजी हुंदरे आले,
बस बदलत, विहिरीचं पाणी घेऊन,
घासून लख्ख केलेल्या तांब्यात,
वर हळदीचं पान बांधून.
म्हटलं, काका, हे चालायचं नाही.
यात तांबंच दिसेल, तुमच्या तांब्याचं.
त्यांनी तांब्याकडं असं बघितलं
जसं घरातल्याच कुणी
उलटी साक्ष दिली.

एकतीस वर्षं ओतलोय बाई, म्हणाले,
धातू वितळला की कसा उजेड पडतोय
ते मला ठावं हाय.
पाण्यात गप बसलेला कसा वळकायचा?

मी त्यांना माझी बाटली दिली,
आम्लाचे थेंब घातलेली.
गळ्यापर्यंत भरा, सांडू नका,
झाकण आतून शिवू नका.
गुरुवारी परत आले. एक थेंब कमी नाही.
सोबत मळ्यातली माती, मागितली तेवढी,
आणि न मागितलेल्या चार काकड्या.

फॉर्मवर गावाचं नाव मी एका तऱ्हेनं लिहिते,
शिवलीला कन्नडमध्ये दुसऱ्या.
कुठलं बरोबर यावर आमचं
सहा वर्षांत एकदाच भांडण झालंय.
मशीनला फक्त ४१७ कळतं.

माती कागदावर पसरली, वाळवली.
मुळं वेचली, गोगलगायीचं शिंपलं,
हिरव्या काचेचा एक तुकडा, बांगडीचा असावा.
चिनीमातीच्या खलात घोटली,
नायलॉनच्या चाळणीतून गाळली.
पितळेची चाळणी कपाटात आहे,
तिच्यावर माझा जीव आहे, पण हात लावत नाही.

अर्धा ग्रॅम.
एवढ्यात मळा मावतो, असं मानावं लागतं.

मग आम्ल, मग मंद आच,
धुराड्याच्या काचेमागं तांबूस वाफ
काहिलीतला रस आटताना धरतो त्या रंगाची,
पण वास असा की श्वास आपणहून थांबतो.
पान, शेण, किडा, घाम,
मातीत जे जे जगलेलं होतं ते जातं.
तळाशी थोडी वाळू, वर फिकट पिवळं पाणी.
माझं काम इथं संपतं.

शेजारी एक नळी कायम असते, कोरी.
तिच्यात माती नाही, पाणी नाही कुणाचं,
तरी तिला तेच आम्ल, तीच आच, तोच गाळणकागद.
आपली स्वतःची घाण किती, ते तीच सांगते.
मार्चमध्ये तिच्यात शिसं निघालं.
तीन दिवस शोधलं: नळ, हातमोजे, आम्लाची नवी बाटली.
चौथ्या दिवशी शिवलीलानं काही न बोलता
कपाळ पुसलं
आणि बाजारातली कुंकवाची पुडी
माझ्यासमोर ठेवली. हिला पण नंबर घाल, म्हणाली.

आता ती वेगळं कुंकू आणते,
आणि संध्याकाळी फाटकापाशी
स्कूटरच्या आरशात बघून लावते.

निंगोजींनी त्याच नळीकडं बोट केलं:
ही रिकामी कुणाची?
आमची, म्हटलं.
हसले. मग हसायचं थांबले.

आकडे सोमवारी.
काय येतील ते मला माहीत नाही,
आणि आले तर त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं
याची कुठं पद्धत छापलेली नाही.

जाताना रिकामा तांब्या
आमच्याच नळाखाली धरला,
वर उचलून, ओठ न लावता प्याले.
मी बघत राहिले घशाची हालचाल.
नळाच्या पाण्याला अजून नंबर दिलेला नाही.